म्हशी हलव मावशी, वरून कोणी बघत नाही

कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 37 फुटांवर, आणि चिखलीच्या मावशीच्या म्हशी अजून गोठ्यातच. फोन केला तर म्हणते, "आता वरनंच कळतंय की रं, आठ दिस आधी मेसेज येतोय." मग तो मेसेज मलाच पाठवला. भारताचं अंतराळ स्थानक बांधून पूर्ण, ते कोल्हापूरवर चोवीस तास नजर ठेवणार, पुराची सूचना आठ दिवस आधी मोबाईलवर देणार, आणि या धास्तीनं अमेरिका स्वतःचं स्थानक बंद करणार. खाली तिरंगा.

पूर्ण कुठलं? केंद्रीय मंत्रिमंडळानं 18 सप्टेंबर 2024 ला मंजुरी दिली तीच मुळी पहिल्या मॉड्यूलला, म्हणजे स्थानकाच्या एका सुट्या भागाला, ते पाठवायचं 2028 मध्ये. पाचही मॉड्यूल जोडून होणार 2035 पर्यंत. मेसेजमधला फोटो ऑगस्ट 2025 मध्ये दिल्लीत मांडलेल्या प्रतिकृतीचा आहे. जमिनीवरच्या!

पण डोकं फिरलं ते पुराच्या गोष्टीनं. साडेचारशे किलोमीटरवरचं स्थानक दीड तासात पृथ्वीला फेरी मारतं. कोल्हापूरच्या डोक्यावरून गेलंच तर पाच-सहा मिनिटांत दिसेनासं होणार, आणि पुढच्या फेरीपर्यंत खाली पृथ्वी सरकलेली असते. चोवीस तास काय बघणार, कपाळ? ढगांवर सतत डोळा ठेवतात ते इन्सॅट-3डीएससारखे उपग्रह. ते 36 हजार किलोमीटरवरून पृथ्वीच्याच गतीनं फिरतात, म्हणून एका जागी राहतात. त्यात माणूस बसवावा लागत नाही. आणि तेही ढगच दाखवतात. मावशीच्या गोठ्यात पाणी कधी शिरणार हे कळतं राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले आणि बंधाऱ्यावर किती फूट झालं यावरून. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 2019 आणि 2021 चा पूर जिनं बघितला तिला हे मी सांगायचं?

अमेरिकेच्या धास्तीचं तर सोडाच. मेसेज ज्याला अमेरिकेचं म्हणतो, त्या आंतरराष्ट्रीय स्थानकाचा पहिला भाग 1998 सालचा आहे. म्हातारं झालंय ते, म्हणून बंद होणार.

मेसेजमधली एक ओळ मात्र खरी निघाली, नाइलाजानं मान्य करतो. 16 जानेवारी 2025 ला इस्रोनं दोन उपग्रह अंतराळात एकमेकांना जोडले. असं करणारा भारत चौथा देश. त्याशिवाय स्थानक जोडताच येत नाही. पण जोडता येणं म्हणजे बांधून झालं नव्हे.

हे सगळं फोनवर सांगितलं. मावशी जरा गप्प बसली. मग म्हणाली, "बरं, टेंपो कुणाचा गावतोय बघ."