चार इंच चार सूत

विंच विकत घ्यायला मला चार मिनिटं लागली. रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर बोट दाबलं आणि पाचव्या दिवशी दारात खोकं हजर. ते आत घ्यायला डिलिव्हरीचा पोरगा, मी आणि शेजारचे निवृत्त सुभेदार असे तिघे लागलो.

"हे काय आणलंत?" बायकोनं विचारलं.

"विंच. गाडी चिखलात रुतली की ओढून काढतं."

"अहो, पण आपली गाडी पोवई नाक्याच्या पुढं कधी गेलीय?"

प्रश्न रास्त होता. आमची जीप दुसऱ्या महायुद्धातली, आजोबांनी लष्कराच्या डिस्पोजलमधून घेतलेली. ती वर्षातून दोनदा बाहेर पडते, दसऱ्याला आणि २६ जानेवारीला, आणि दोन्ही वेळा ढकलत घरी येते. पण साताऱ्यात अशी गाडी बाळगली की ती एकट्याची राहत नाही. या जिल्ह्यात एका गावाच्या नावातच मिलिटरी आहे, अपशिंगे मिलिटरी. जीप रस्त्यात बंद पडली की दहा मिनिटांत कुणीतरी माजी सैनिक येऊन बॉनेटवर हात ठेवतो, आपली पलटण सांगतो आणि मग गाडीचं काय चुकलंय ते सांगतो. त्यातल्याच एकानं जाता जाता "हिच्या नाकाव विंच पायजे" असं म्हटलं आणि किडा माझ्या डोक्यात शिरला.

विंच ८,००० पौंडांचं, म्हणजे साधारण ३,६०० किलो ओढणारं. (ही ताकद ड्रमवर दोराचा एकच थर असतानाची, थर चढत गेले की ओढ कमी होत जाते. हे बारीक अक्षरात होतं, त्यामुळं मी पैसे भरल्यावर वाचलं.) जीपचं वजन टनभर. तेव्हा विंचची काळजी नव्हती. पण एवढी सगळी ओढ चेसिसपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत पोचवायची म्हणजे मधे ब्रॅकेट पाहिजे, आणि ऐंशी वर्षांपूर्वीच्या जीपला आजचं विंच बसेल असं तयार ब्रॅकेट इथं कोण ठेवणार? करून घ्यावं लागणार होतं.

मी कॉमर्सचा. तरी पोराच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन ग्राफपेपरवर नकाशा काढला. विंचच्या बुडाला चार भोकं, त्यांची मापं २५४ बाय ११४.३ मिलिमीटर. जीपची मापं मात्र खाली झोपून न घेता पुस्तकातून उचलली, कारण मला कमरेचा त्रास आहे. या वाक्याकडं पुन्हा यावं लागेल.

कोडोलीच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमधले मिस्त्री हे काम करतील असं कळलं. त्यांनी माझा कागद आधी उलटा धरला, मग सरळ धरला, मग चष्मा कपाळावर चढवून लांब धरला.

"सर, ह्यो पाइंट तीन कुठनं आला?"

"माप तेवढंच आहे, मिस्त्री."

"पाइंट तीन काय केसानं मोजायचं का?" त्यांनी कमरेचा टेप काढला, विंचच्या भोकांवर धरला आणि माझ्याकडं दयेनं बघितलं. "आवं, चार इंच चार सूत हाय ह्ये. आन ह्ये दहा इंच. सरळ सांगा की."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि मिस्त्रींचं बरोबर होतं. भोकांचा जन्म मुळात साडेचार इंचांत झालेला. कुणीतरी त्याला २५.४ नं गुणलं, मी तो पॉइंट तीन जपून कोडोलीपर्यंत आणला आणि मिस्त्रींनी तो शेडच्या दारातच उतरवून ठेवला. त्यानंतर मी मिलिमीटर काढला नाही. प्लेट आठ मिलीची घेऊ म्हणायच्या ऐवजी "अडीच सुती" म्हणालो. "तीन सुती घ्या, डोक्याला ताप नगं," मिस्त्री म्हणाले. तीन सुती घेतली.

नकाशावर त्यांचा विश्वास नव्हताच. "पुठ्ठा कापून आणा." घरी पुठ्ठा सापडला तो कंदी पेढ्यांच्या खोक्याचा. पुस्तकात जीपच्या नाकाशी चेसिसच्या दोन्ही बाजूंना जोडणारी आडवी नळी होती, म्हणून मी पुठ्ठ्याला खाली सुबक अर्धचंद्र कापले. मिस्त्रींनी पेढे खाल्ले, तुपकट पुठ्ठा प्लेटवर ठेवून खडू ओढला आणि गॅस कटरनं लोखंडाचे अर्धचंद्र पाडले. ग्राइंडर फिरवल्यावर इतके देखणे दिसले की मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

बसवायच्या दिवशी जीप ढकलत शेडमध्ये नेली. पुढचा बंपर सोडवला, कित्येक वर्षांचं ग्रीस आणि माती खरवडली. मिस्त्री खाली शिरले. बराच वेळ आवाज नाही.

"सर, पाइप कुठंय?"

पाइप नव्हताच. त्याच्या जागी पालथा घातलेला चौकोनी चॅनेल होता आणि माझे चंद्र त्यावर लटकत होते. इतक्यात मिस्त्रींच्या पोरानं पुसलेला एक बोल्ट दाखवला. डोक्यावर इंग्रजी एफ. दुसऱ्यावरही एफ.

"एफ म्हंजी फ्रंट असंल," मिस्त्री म्हणाले.

"मागच्या शिटाच्या बोल्टावबी एफ हाय," पोरगा म्हणाला.

माझ्या पोटात गोळा आला. युद्धात ही जीप दोन कंपन्यांनी बनवली. विलीजनं साडेतीन लाखांवर आणि विलीजच्याच नकाशावरून फोर्डनं पावणेतीन लाखांवर. विलीजच्या नाकात गोल नळी, फोर्डच्या नाकात पालथा चॅनेल. आणि फोर्डवाल्यांनी आपल्या बोल्टांवरसुद्धा एफ ठोकून ठेवलेला. आमच्या घराण्यात तीन पिढ्या "आमची विलीज" म्हणून जिची पूजा झाली, तात्यांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या लग्नाची वरात जिच्यातून निघाली, ती फोर्ड होती. कंबर वाकवून एकदा खाली बघितलं असतं तर हे तीन पिढ्यांपूर्वीच कळलं असतं. पण कमरेचा त्रास आमच्याकडं वंशपरंपरागत आहे.

तात्यांना सांगायचं कसं? रात्री ताटावर हळूच सांगितलं. त्यांनी भाकरी खाली ठेवली. "म्हणजे आबांना फसवलं?" मग मी समजूत काढली, की फोर्डच्या या मॉडेलचं नाव जीपीडब्ल्यू. त्यातला जी म्हणजे सरकारी, पी म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ८० इंच अंतर असलेली, आणि डब्ल्यू म्हणजे विलीजच्या नकाशावरची. तात्यांनी विचार केला. "मग निम्मी विलीजच झाली की," म्हणाले आणि भाकरी उचलली.

पुढचे दोन महिने थोडक्यात सांगतो. पाऊस, लाइट जाणं, मिस्त्रींच्या पुतणीचं लग्न. मग नवीन प्लेट, खाली सरळ कापलेली, काटकोनाला गुण्या लावून तीनदा तपासलेली, आतून तिरप्या आधारपट्ट्या. वेल्डिंग करताना प्लेट तापून ओढली जाते आणि भोकं सरकतात, म्हणून विंचच बोल्टानं आवळून आधी टाके मारले, मग पूर्ण रॉड चालवला. बोल्टांनी एक दिवस खाल्ला. गाडीचे तीन सुती, इंचाला चोवीस आट्यांचे. विंचबरोबर आलेले दहा मिलीचे. डोळ्यांना दोन्ही जुळे भाऊ, पण एकाचा नट दुसऱ्यावर दोन आट्यांपलीकडं जात नाही. मिस्त्रींनी पान्हा लांबवून जबरदस्तीची तयारी केली तेव्हा मी अक्षरशः आडवा पडलो. शेवटी ऑलिव्ह ग्रीन मारला आणि काम झालं.

चाचणीची संधी लगेच आली. गावाबाहेर ऊस भरलेली एक ट्रॉली रस्त्याकडेच्या चिखलात रुतली होती. मी, तात्या, मिस्त्री आणि सुभेदार मोहिमेवर निघालो. हुक अडकवला, दोर तुटून उसळला तर लागू नये म्हणून त्यावर ओलं पोतं टाकलं, हँडब्रेक ओढला, बटण दाबलं. विंच गुरगुरलं. दोर ताठ झाला. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ट्रॉली जागची हलली नाही. टनभराची जीप मात्र ब्रेक आवळलेला असताना हळूहळू, मोठ्या शालीनतेनं, ट्रॉलीच्या दिशेनं निघाली. "थांबव!" तात्या ओरडले. बटण सापडेपर्यंत पुढची चाकं चिखलात टेकली होती.

ट्रॅक्टरवाला खाली उतरून म्हणाला, "आता तुमास्नी पण काढायचं का?"

मिस्त्रींचं तिकडं लक्षच नव्हतं. ते चिखलात गुडघे टेकून, बॅटरीच्या उजेडात ब्रॅकेटवरून अंगठा फिरवत होते.

"सर," ते खालूनच म्हणाले, "सूतभर हाललं न्हाई."