मुलींचा बास्केटबॉल संघ बंद पाडायचाय? सोप्पं आहे

गेल्या रविवारी आमच्या पोरींची सेमीफायनल होती. शनिवारी रात्री साडेनऊला निरोप आला : कोर्टावर चादरी-टॉवेलचा सेल लागलाय, मॅच पुढच्या आठवड्यात, कुठं ते कळवू. त्या एका निरोपानं मला बरंच शिकवलं. सांगलीकरांपासून ते ज्ञान लपवणं बरं नव्हे.

तर संघ एकदम बंद करू नये, लोक बोलतात. आधी चेंडूपासून सुरुवात करा. मुलींचा चेंडू ६ नंबरचा, मुलांचा ७ नंबरचा. तुम्ही ७ नंबरचाच द्या, तोही मुलांनी वापरून गुळगुळीत केलेला. मग नेम चुकला की ‘पोरींच्या हातात जोरच नसतो’ म्हणायची सोय होते.

कपडे बदलायच्या खोलीची किल्ली शिपायाकडं ठेवा आणि शिपायाला रजा द्या.

स्मृती मानधनाला विसरू नका. २०२५ चा विश्वचषक जिंकून आणलाय, तेव्हा आयर्विन पुलापासून विश्रामबागेपर्यंत ‘सांगलीची लेक’ म्हणून फलक लावा. सत्काराचा मांडव मात्र पोरींच्या कोर्टावरच घाला.

आता मुख्य युक्ती : ऐन मोक्याला मैदान दुसऱ्याला द्यायचं. ही गावठी अक्कल समजू नका, अमेरिकेतही चालते. सॅन फ्रान्सिस्कोत गोल्डन स्टेट व्हाल्कीरीज नावाचा पगारी खेळाडूंचा संघ आहे. २०२५ हा त्यांचा डब्ल्यूएनबीएतला, म्हणजे तिकडच्या बायकांच्या बास्केटबॉल लीगमधला, पहिलाच हंगाम. ४४ पैकी २३ सामने जिंकून बाद फेरीत गेल्या. नव्यानं दाखल झालेल्या संघाला पहिल्याच वर्षी हे तोवर जमलं नव्हतं. चेस सेंटर या त्यांच्या घरच्या मैदानातले बावीसच्या बावीस सामने हाऊसफुल्ल, दर वेळी १८,०६४ माणूस. नताली नाकासे वर्षातली सर्वोत्तम प्रशिक्षक ठरली. आणि बाद फेरीचा घरचा सामना आला तेव्हा चेस सेंटर कुणाकडं? टेनिसवाल्यांकडं! लेव्हर कप होता. पोरींची रवानगी सॅन होजेला. मिनेसोटाकडून ७५-७४, एका गुणानं हरल्या आणि हंगाम संपला.

हे ऐकून आमची लेक म्हणाली, “बाबा, त्यांचं पण ग्राउंड दिलं की ओ दुसऱ्याला!” चक्क खूश झाली होती, आपण एकट्याच नाही म्हणून.

पण अमेरिकनांची एक चूक तुम्ही करू नका. त्यांनी दुसरं मैदान दिलं ते चांगलं दिलं, आणि तिथंही १८ हजारांवर लोक गेले. आपल्याकडं ‘पर्यायी व्यवस्था’ म्हणजे सिमेंटचं कोर्ट, एक रिंग वाकलेली, तिच्यावर कुणाची तरी सतरंजी वाळत. थ्री-पॉइंटची रेघ ज्यानं त्यानं मनातच धरायची. आणि मांडववाले काय करतात ठाऊक आहे? पहारीनं कोर्टात भोकं पाडतात. सिमेंटात! सेल उठतो, भोकं राहतात. आमच्या एका पोरीचा पाय तसल्याच भोकात मुरगळला. पंधरा दिवस लंगडली, मग आजीनं तिचं खेळणंच बंद केलं. वर्गणी काढून ती भोकं आम्ही बुजवली, मी स्वतः थापी धरली. परवा जाऊन बघतो तर बुजवलेल्याच्या शेजारी, वीतभर अंतरावर, नवीन भोक! अरे, पाडायचंच होतं तर जुनं तरी उकरायचं!

जाऊ दे. तिरकस बोलणं मला झेपत नाही. मैदानवाल्यांना भाडं मिळतं, त्यांना काय बोलायचं? मी तुम्हाला बोलतोय, पोरींच्या आईबापांना. मॅच रद्द झाली तर एकानं फोन करून जाब विचारला नाही, ग्रुपवर नुसते अंगठे. दोन पोरींना तर तुम्ही निरोपच दिला नव्हता. त्या सकाळी बूट बांधून कोर्टावर आल्या आणि मांडवाच्या दोरीपाशी उभ्या राहिल्या. आणि अकरा वाजता त्याच मांडवात तुमच्यातली तिघं चादरींचा भाव करत होती. मी बघितलंय. लाज नाही वाटली? पोरगी संघात कुठल्या जागेवर खेळते ते तरी सांगता येईल का तुम्हाला?

रविवारी चार वाजता मॅच आहे. या. आणि ती नवी चादर घेऊन या, तिथं बसायला बाकडी नाहीत.