शिट्टी कुकरची की ब्रेकची?

ज्याने निफाडची थंडी सोसली नाही, त्याने महाबळेश्वरचं कौतुक खुशाल करावं. डिसेंबर-जानेवारीत इथे पारा कधीकधी ५-६ अंशांवर येतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि बरोबर सहा वाजता आमची गाडी किंचाळते.

पहिला ब्रेक दाबला की पाटीवर नख ओढावं तसा आवाज. समोरच्या काकू एकदा म्हणाल्या, "भाऊजी, कुकरच्या तीन शिट्ट्यांत तुमची एक धरली गेली. डाळ कच्ची राहिली!"

मग निदानाला अख्खी कॉलनी धावली. एक म्हणे ब्रेकचे पॅड संपले, दुसरा म्हणे ब्रेक ऑइलमध्ये पाणी गेलं. तिसऱ्याने, ज्याच्याकडे साधी सायकल नाही, थेट ब्रेकला जोर देणारा बूस्टर गेल्याचं जाहीर करून टाकलं. मी गॅरेज गाठलं तेव्हा अकरा वाजलेले, ऊन चांगलं तापलेलं. मिस्त्रीने चार चकरा मारल्या. शाळेत तपासणीला डिपोटी साहेब आल्यावर वर्ग बसायचा, तशी गाडी गप्प! "कुठंय आवाज, साहेब?" शेवटी मीच तोंडाने काढून दाखवला. गॅरेजातली दोन पोरं हातातला जॅक टाकून ऐकायला आली आणि "अजून एकदा" म्हणाली.

अशा तीन खेपा झाल्यावर बिचारा मिस्त्रीच एका पहाटे माकडटोपी घालून घरी आला. चाकाच्या फटीतून त्याने बॅटरी मारली. पॅड जिला आवळतात त्या चकतीवर, म्हणजे डिस्कवर, हळदीकुंकू उधळल्यासारखा तांबूस थर.

"दव पडतं ना साहेब. बिडाची डिस्क, रातोरात गंजते. चार ब्रेक मारले की पॅडच तो पुसून काढतात. शिट्टी लगेच गेली तर निवांत राहा. दिवसभर वाजली तर पॅड बघू. पण लोखंड घासल्यासारखी खरखर आली तर गाडी हलवायची नाही, मला फोन करायचा."

बूस्टरवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

त्या आनंदात मी संध्याकाळी गाडी धुतली आणि हॅन्डब्रेक करकचून ओढला. सकाळी आवाज नाही! कारण गाडीच हलेना. मागच्या चाकांचे ब्रेक लायनर ओल्या ड्रमला चिकटून बसलेले. पुढे-मागे झटके देता देता 'टक्क' झालं आणि चाक मोकळं झालं. मिस्त्री फोनवर ओरडला, "धुतलेल्या गाडीला कुणी रातभर हॅन्डब्रेक लावतं का? गिअरमध्ये ठेवा, चाकाला वीट लावा."

आता वीट न चुकता लावतो. काढायची तेवढी राहून जाते. काकूंना सांगून ठेवलंय, आधी 'धप्प' ऐकू आलं की त्यानंतरची शिट्टी आमची.