‘अर्धवट ज्ञान’ म्हणणाऱ्यांना उत्तर

नमस्कार.

लहान ऑफिसच्या फाइल सर्व्हरला प्रोसेसरचे चार कोअर पुरतात, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया: “अर्धवट ज्ञानावर सल्ले देऊ नका. आम्ही आठ कोअरचा सर्व्हर घेतला आणि सगळं पळायला लागलं. एन्क्रिप्शनला कोअर लागतात. पुढच्या पाच वर्षांचा विचार नको का?”

मत वेगळं असू द्या, पण “अर्धवट ज्ञान”? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून कॉम्प्युटरचं कॅबिनेट खांद्यावर घेऊन ग्रँट रोड स्टेशनचे जिने चढलोय मी. १८ वर्षं हेच काम करतोय. ओळख ना पाळख, असं बोलायची ही पद्धत नाही.

आता “पळायला लागलं”. नव्या सर्व्हरमध्ये जुनीच हार्डडिस्क लावलीत की एसएसडी आली? ते तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. ७२०० आरपीएमच्या डिस्कवर हवा तो भाग वाचणाऱ्या हेडखाली यायलाच सरासरी ४ मिलिसेकंद जातात, हेड सरकायचा वेळ वेगळा. फायली विखुरलेल्या असतील तर सेकंदाला शंभरेक वाचनांत तिची दमछाक होते. कोअर सोळा करा, ते डिस्ककडे बघत बसणार. डिस्क बदलली तरी गिगाबिट केबलमधून सेकंदाला १२५ एमबीच्या वर काही जात नाही. आणि सांबा, म्हणजे लिनक्स सर्व्हरवरून फायली वाटणारं सॉफ्टवेअर, प्रत्येक कनेक्शनला एक प्रोसेस देतो, म्हणून एकट्या माणसाची कॉपी जास्त कोअरनी पळत नाही.

फोर्टमधल्या एका सीए ऑफिसात १२ मशीन होती. रिटर्नच्या आठवड्यात टॅलीत कंपनी उघडायला टाकून लोक खाली चहा पिऊन यायचे. टेबलाखाली उकिडवा बसून पाहिलं: सीपीयू ६ टक्के, आणि डिस्कचा लाल दिवा विझायचं नाव घेईना. एसएसडी बसवली, रॅम ८ ची १६ जीबी केली, प्रोसेसरला हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशी तक्रारीचा फोन आला नाही. त्याच ऑफिसला आधी कुणीतरी महागडा प्रोसेसर गळ्यात मारायला निघालं होतं, म्हणून मला हा विषय लागतो.

एन्क्रिप्शनचं मान्य. एसएमबी (नेटवर्कवरून फायली देण्याघेण्याची पद्धत) एन्क्रिप्शन चालू असेल तर प्रोसेसरवर भार येतो, जुन्या आणि एईएस-एनआय (एन्क्रिप्शनसाठी प्रोसेसरमध्येच असलेली सोय) नसलेल्यावर तर चांगलाच. ते लेखात राहिलं होतं, आज जोडतो.

पाच वर्षांच्या मुद्द्यात मी शिरत नाही.

जुन्या सर्व्हरची डिस्क कोणती होती आणि तो अडत असताना सीपीयू किती टक्के होता, एवढं कळवा. मग बोलू, पण नीट भाषेत.