युद्धस्मारक : २० मिनिटं

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर दिल्ली सहलीचं पत्रक आलं. एका दिवसात कुतुबमिनार, लोटस टेंपल, राजघाट, लाल किल्ला, इंडिया गेट आणि शेवटी कंसात कोंबलेलं ‘राष्ट्रीय युद्धस्मारक : २० मिनिटं’. जेवणाला मात्र दीड तास, तेही घरगुती मराठी पद्धतीचं! डोकंच फिरलं.

ती २० मिनिटं मला चांगली ठाऊक आहेत. गेल्या थंडीत अशाच एका सहलीला बाबांना घेऊन गेले होते. त्यांचा साताऱ्याकडचा वर्गमित्र मराठा लाइट इन्फन्ट्रीत होता, १९७१ च्या लढाईत गेला. तिथे त्यागचक्राच्या भिंती आहेत. एका जवानाच्या नावाची एक ग्रॅनाइटची वीट, अशी पंचवीस हजारांवर नावं. बाबा चष्मा कपाळावर चढवून, नाक विटेला लागेल इतक्या जवळून वाचत निघाले. एक भिंतही धड झाली नव्हती, तोवर मॅनेजरची शिट्टी. “चला काका, लाल किल्ल्याला लाइन वाढेल!”

मान्य, त्या पोराला अख्खी बस सांभाळायची असते. पण मग नेता कशाला? बसमधल्या निम्म्या मंडळींना इंडिया गेट आणि हे एकच वाटत होतं. अहो, ते इंग्रजांनी १९३१ साली पुरं केलेलं, त्यावरची नावं मुख्यतः पहिल्या महायुद्धातली. हे २०१९ चं, स्वातंत्र्यानंतर गेलेल्यांचं. एवढं सांगायला वेळ नाही, शालींच्या दुकानात तासभर आहे!

बसमध्ये एक बाई म्हणाल्या, “नाव काय, गूगलवर पण दिसतं.” मी तोंड उघडणार होते, पण बाबा आपल्याच नादात. म्हणाले, “त्याचा फौजेतला नंबर पाठ असता ना, तर सापडला असता गं.”

तिथे रोज संध्याकाळी एका शहिदाच्या घरच्यांच्या हातून पुष्पचक्र वाहतात. ते कुठल्याच पत्रकात नसतं, कारण तेव्हा आपण करोलबागेत घासाघीस करत असतो.

आणि दिल्ली कशाला? आपलं पुण्यातलं, घोरपडी भागातलं युद्धस्मारक लोकवर्गणीतून उभं राहिलंय. किती पुणेकर आत गेलेत? जाऊ दे, सकाळी सकाळी नको.

बाबांना परत नेतेय. झेलम एक्स्प्रेसनं, आपलं आपण. दोन दिवस फक्त त्या भिंती. कुतुबमिनार राहिला तर राहिला; आठशे वर्षं उभाय, पळून नाही जात.