व्हायोलिनच्या पेटीतली टॉमी गन : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि रोखठोक आहे, म्हणून उत्तरही तसंच देतो. नंतर येणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगतो. मागच्या लेखात मी इथल्या, म्हणजे मिशिगनमधल्या, एका संग्राहक मित्राच्या १९२१ सालच्या कोल्ट थॉम्पसनसाठी, म्हणजे कोल्ट कंपनीने बनवलेल्या स्वयंचलित 'टॉमी गन'साठी, व्हायोलिनच्या आकाराची पेटी करून घेण्याबद्दल लिहिलं होतं. तुम्ही पुण्यात व्हायोलिन शिकवता. तुमचं म्हणणं असं, की जुन्या बाजारात चाळीस डॉलरला व्हायोलिनची केस मिळते, ती सोडून खास पेटी बनवून घेणं ही श्रीमंतांची नखरेबाजी आहे. त्याहून मोठा आक्षेप म्हणजे सिनेमातल्यासारखी वाद्याच्या पेटीत बंदूक ठेवण्याची ही हौस १९२० च्या दशकातल्या शिकागोच्या गुंडांचं कौतुक आहे. आणि शेवटी विचारलंत, की अशी पेटी हातात घेऊन कुणी रस्त्यावर निघाला आणि पोलिसांनी थांबवलं तर काय.

चाळीस डॉलरपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचंच ज्ञान माझ्या बाजूने आहे. व्हायोलिनचं वजन किती असतं? अर्धा किलोच्या आतबाहेर. बो, रोझिन, शोल्डर रेस्ट धरूनही फार काही नाही. थॉम्पसन रिकामी असतानाच दहा पौंडांच्या वर जाते, म्हणजे पाच किलोच्या आसपास, आणि त्यात ड्रम मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा गोल डबा, धरलेलं नाही. व्हायोलिनच्या केसचं हँडल, बिजागऱ्या आणि कड्या अर्ध्या किलोच्या वाद्यासाठी बसवलेल्या असतात, बहुतेक वेळा पातळ प्लायवूडमध्ये बारीक स्क्रूने. दहापट वजन त्यात घालून ती उचलली की सगळा भार हँडलच्या दोन टोकांवर येतो. आधी स्क्रू सैल होतात, मग प्लाय चिरते. हे व्हायला वेळ लागतो आणि बाहेरून दिसत नाही, म्हणून धोका जास्त. कारागिराला मी पहिली गोष्ट हीच विचारतो : हँडलच्या मागे आतून धातूची पट्टी देणार आहेस का, आणि तिचे बोल्ट आरपार जाणार आहेत का? नाही म्हणाला तर पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

मग माप. फुल साइझ व्हायोलिन साधारण साठ सेंटिमीटर लांब असतं. १९२१ आणि १९२८ च्या थॉम्पसनचा खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता एका खटक्याने सुटून सरकत बाहेर येतो, आणि दस्त्याशिवाय ती सुमारे पंचवीस इंच, म्हणजे त्रेसष्ट-चौसष्ट सेंटिमीटर भरते. थोडक्यात, सिनेमात दाखवतात तशी पूर्ण जोडलेली बंदूक खऱ्या व्हायोलिनच्या केसमध्ये बसतच नाही. दस्ता काढला तरी साठ सेंटिमीटरच्या वाद्यासाठी केलेल्या खाचेत ती लांबीला अडते, आणि रुंदीची अडचण वेगळीच. व्हायोलिन दोन्ही बाजूंनी सारखं असतं. थॉम्पसनची मागची मूठ आणि पुढची उभी मूठ, दोन्ही एकाच बाजूला खाली उतरतात. त्यामुळे सममितीच्या पेटीत ती मध्यरेषेवर ठेवता येत नाही, कडेला सरकवावी लागते. नळी अरुंद टोकाकडे गेली पाहिजे, मुठी रुंद भागात आल्या पाहिजेत, आणि सुटा दस्ता ठेवायला वेगळी खाच हवी. हे सगळं जमवता जमवता पेटी व्हिओलाच्या, म्हणजे व्हायोलिनहून मोठ्या वाद्याच्या, केसच्याही पुढे जाते. युद्धकाळातल्या एमवन मॉडेलचा दस्ता स्क्रूने पक्का केलेला असतो. ज्याच्याकडे ते आहे त्याने हा आकार डोक्यातून काढून टाकावा आणि सरळ लांबट चौकोनी पेटी घ्यावी.

झाकणाचाही विचार असतो. कोल्टच्या थॉम्पसनवर मागे नेम धरायची, लायमन कंपनीची उभी होणारी साइट आहे, वर बंदुकीचा बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा भाग) ओढायची गुंडी आहे, आणि नळीवर उष्णता जायला आडव्या चकत्यांसारखी वर्तुळं कोरलेली आहेत. व्हायोलिनच्या केसचं झाकण मऊ अस्तराने वाद्यावर हलकं टेकतं, आणि वाद्यासाठी ते ठीकच आहे. बंदुकीत मात्र टेकायची जागा निवडावी लागते. आधार घ्यायचा तो रिसीव्हरच्या, म्हणजे बंदुकीच्या मधल्या धातूच्या सांगाड्याच्या, सपाट बाजूला आणि नळीच्या बुडाशी. साइटवर आणि त्या वर्तुळांवर काहीही दाबता कामा नये. वर्तुळांच्या कडांवरचं निळं पॉलिश पहिल्यांदा जातं, आणि ते गेलं की मूळ फिनिशची बंदूक ही तिची ओळख गेली. कारागिराला फोटो पाठवून हे कळत नाही. कागदावर बंदूक आडवी ठेवून बाह्यरेषा काढायची आणि कुठे किती उंची आहे ते त्यावर लिहायचं.

आता अस्तर. मला वाटतं, मागच्या लेखात याच भागाकडे तुमचं दुर्लक्ष झालं. तुमच्या केसमध्ये मखमल असते, आर्द्रता मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर असतो आणि बऱ्याचदा ओलावा देणारी नळी असते. इथल्या हिवाळ्यात घरं हीटिंगने इतकी कोरडी होतात, की ती नळी नसेल तर व्हायोलिनची तबकडी चिरते. तबकडीच्या तीन मिलिमीटरच्या स्प्रूस लाकडाला ओलावा लागतोच. पण पोलादाला ओलावा म्हणजे गंज. बंदुकीचा अक्रोडाचा दस्ता जाड आणि तेल पाजलेला असतो, त्याला चाळीस-पंचेचाळीस टक्के आर्द्रता सहज चालते. म्हणून बंदुकीच्या पेटीत पोलादाचं ऐकायचं. ओलाव्याची नळी काढून टाकायची, सिलिका जेलची पुडी ठेवायची, हायग्रोमीटर मात्र ठेवायचा. जुन्या केसमध्ये आधीच्या मालकाची ती नळी बहुधा अजून तशीच असते, आणि स्वस्तात मिळाली म्हणून खूश झालेला माणूस ती बघत नाही.

फोमबद्दल तर मी जरा चिडूनच लिहिलं होतं, ते कायम आहे. बंदुकीच्या दुकानातल्या स्वस्त पेट्यांमध्ये अंड्याच्या ट्रेसारखा उंचसखल पॉलियुरेथेन फोम असतो. तो हवेतला ओलावा धरून ठेवतो, आणि काही वर्षांनी स्वतःच चिकट होऊन कुस्करतो. त्याचे पिवळे तुकडे निळ्या पोलादाला चिकटून बसलेले ज्याने खरडून काढलेत, तो पुन्हा त्या वाटेला जात नाही. वस्तुसंग्रहालयं बंद पेशींचा पॉलिइथिलीन फोम वापरतात. तो कडक असतो, मखमलीसारखा हौसेचा दिसत नाही, पण हवेत काही सोडत नाही. त्यावर न रंगवलेलं धुतलेलं सुती फ्लॅनेल चढवलं की पुरे. लोकरीचं फेल्ट नको. लोकरीतल्या गंधकाने चांदी काळी पडते हे घराघरात माहीत आहे, आणि थॉम्पसनच्या बोल्टच्या गुंडीवर चांदी नसली तरी गंधक तिथेही काही उपकार करत नाही. ओकचं लाकूड, कच्चं एमडीएफ, चामड्याचं अस्तर, हे सगळं आम्ल सोडतं. चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षं ठेवलेल्या पिस्तुलाच्या बाजूला गंजाचे ठिपके येतात ते त्यामुळेच.

हे माझं मनचं नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये १९७३ साली अँड्र्यू ऑडी यांनी एक चाचणी मांडली, ती आज जगभर चालते. कपाटात किंवा पेटीत वापरायच्या साहित्याचा तुकडा चांदी, तांबं आणि शिसं यांच्या पट्ट्यांसोबत बंद काचेच्या भांड्यात, थोडं पाणी घालून, साठ अंश सेल्सियसला अठ्ठावीस दिवस ठेवायचा. पट्ट्या खराब झाल्या तर ते साहित्य बाद. घरी कुणी इतकं करत नाही, मीही म्हणत नाही. पण कारागिराने गोंद लावून अस्तर बसवलं, की पेटी काही आठवडे उघडी ठेवायला काय हरकत आहे? वास येतोय तोवर बंदूक आत ठेवू नये. आणि ठेवण्याआधी धातूवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा.

म्हणजे चाळीस डॉलरच्या केसमध्ये हँडल चुकीचं, माप चुकीचं, अस्तर चुकीचं आणि ओलावा उलट. नखरेबाजी म्हणायचीच तर आकाराला म्हणा. आकार ही हौसच आहे. आतलं काम मात्र चौकोनी पेटीतही तितकंच करावं लागलं असतं.

आता गुंडांचं कौतुक. तुमचा राग मला कळतो, पण तो रोखलाय चुकीच्या दिशेने. १४ फेब्रुवारी १९२९ ला शिकागोच्या नॉर्थ क्लार्क स्ट्रीटवरच्या गॅरेजमध्ये सात माणसांना भिंतीशी उभं करून मारलं, त्यात दोन थॉम्पसन वापरल्या गेल्या. मारेकऱ्यांपैकी दोघे पोलिसांच्या वेषात आले होते. फसवणूक गणवेशाची होती, वाद्याचा तिथे संबंधच नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्या दोन बंदुका आमच्याच मिशिगनमधल्या सेंट जोसेफ गावाजवळ फ्रेड बर्क या गुंडाच्या घरात सापडल्या, बंदूकतज्ज्ञ कॅल्विन गॉडर्ड यांनी गोळ्यांवरच्या खुणा जुळवून त्याच त्या असल्याचं दाखवलं, आणि आजही त्या बेरियन काउंटीच्या शेरीफ खात्याकडे आहेत. व्हायोलिनची पेटी ही मुख्यतः पडद्याने रुजवलेली प्रतिमा आहे. पोलिसांकडे आणि एफबीआयकडे मात्र थॉम्पसनसाठी खऱ्या कडक पेट्या होत्या, ज्यात दस्ता काढून बंदूक एका खाचेत आणि ड्रम दुसऱ्या खाचेत बसायचे. साध्या, काळ्या, सूटकेससारख्या. खरं सांगायचं तर ऐतिहासिकदृष्ट्या मला तीच पेटी जास्त पटते, आणि मित्राला मी तेच सुचवलं होतं. त्याला व्हायोलिनच हवं होतं. त्याची बंदूक, त्याचे पैसे.

आणि ही बंदूक फक्त शिकागोच्या अल कपोनसारख्या गुंडांची नाही. जॉन थॉम्पसन यांच्या ऑटो-ऑर्डनन्स कंपनीसाठी कोल्टने १९२१-२२ मध्ये पंधरा हजार बनवल्या, त्या वर्षानुवर्षं खपल्या नाहीत. दोनशे डॉलरच्या आसपास किंमत होती, तेव्हा ती कुणाला परवडणार? ती लाखांनी बनली दुसऱ्या महायुद्धात, आणि इटलीत, ब्रह्मदेशात भारतीय पलटणींच्या हातातही होती. गावाकडे कुणाचे पणजोबा त्या युद्धात गेले असतील, तर 'टॉमी गन' हा शब्द त्यांच्या घरात सिनेमाच्या आधी पोचलेला असू शकतो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मात्र आपण एकाच बाजूला आहोत. व्हायोलिनच्या आकाराची पेटी घराबाहेर वापरायची नाही. मागच्या लेखात हे एका वाक्यात होतं, इथे नीट लिहितो.

स्वयंचलित थॉम्पसन अमेरिकेत १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली येते. नोंदणी लागते, हस्तांतराला दोनशे डॉलर कर लागतो, आणि सामान्य नागरिकाला १९ मे १९८६ पूर्वी कायदेशीर नोंद झालेलीच ठेवता येते. दुसऱ्या राज्यात न्यायची तर मालकाला एटीएफकडून, म्हणजे शस्त्रांची नोंदणी पाहणाऱ्या केंद्रीय खात्याकडून, आधी परवानगी घ्यावी लागते. शिवाय काही राज्यांत ती मुळातच चालत नाही. गाडीतून नेताना रिकामी, कुलूपबंद, हाताशी नसलेली, डिकीत. विमानात रिकामी, कडक कुलूपबंद पेटीत, काउंटरवर सांगून आणि फक्त चेक-इन सामानात. पेटीचं कुलूप लावल्यावर कोपरा उचकटून हात आत जाता कामा नये ही अट असते, आणि व्हायोलिनच्या केसचे कोपरे नेमके तिथेच हरतात. त्याहून विचित्र म्हणजे विमानतळावर व्हायोलिन दिसलं की सगळे धरून चालतात, हे केबिनमध्ये जाणार. बंदूक नेमकी तिथेच न्यायची नसते. कर्मचाऱ्याला आधी एक वाटायला लावायचं आणि मग दुसरं निघायचं, हा खेळ कायद्याने प्रवास करणाऱ्या माणसाने का खेळावा?

आणि एक, कारण खासगी संदेशात एकाने विचारलंच होतं : पेटी बंद असताना बाहेरून घोडा दाबता येईल अशी काही रचना करू नका. अशी बंदूक असलेली पेटी कायद्याच्या दृष्टीने वेगळंच शस्त्र ठरू शकते, तिची वेगळी नोंदणी लागू शकते, आणि चेष्टेत केली म्हणून सुटका होत नाही.

मित्राचं ठरलंय ते असं. प्रवासाला, प्रदर्शनाला, बंदूक दुरुस्तीला न्यायला साधी काळी कडक पेटी, दोन कुलपं. व्हायोलिनची पेटी घरच्या तिजोरीच्या खोलीत, पाहुण्यांना दाखवायला. तीही कुलूपबंद, कारण त्याची नातवंडं व्हायोलिन शिकतात आणि ओळखीचा आकार दिसला की मूल तो उघडणारच. तुमच्या प्रतिक्रियेत हा मुद्दा नव्हता. माझ्या मते तो तुमच्या बाकीच्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा वजनदार आहे, आणि ज्या घरात लहान मुलं वाद्य शिकतात तिथे मी ही पेटी करूच नका म्हणेन. मित्राला म्हटलंही. त्याने तिजोरीच्या खोलीवर तडजोड केली.

पेटी सध्या कारागिराकडे आहे. बर्च प्लायला आतून सील लावून झालंय, फ्लॅनेल यायचंय. पूर्ण झाली की मापं आणि वजन टाकतो. तोवर तुम्ही मला एक सांगा : पुण्याच्या जुलैत तुम्ही विद्यार्थ्यांच्या केसमध्ये सिलिका जेल ठेवायला सांगता का, आणि ते किती दिवसांनी तापवून घेता? इथल्या उन्हाळ्यात लेक मिशिगनच्या काठावर तोच प्रश्न आहे, आणि बंदुकीवाल्यांपेक्षा वाद्यवाल्यांनी त्यावर जास्त डोकं खपवलेलं असणार.