कायद्यात 7 लाख कुठेच नाहीत

जानेवारी 2024 मध्ये ट्रक-टँकरवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या आणि पंपांवर रांगा लागल्या. तेव्हा निघालेला मेसेज ड्रायव्हरांच्या ग्रुपवर अजून फिरतोच आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अपघातात माणूस मेला की ड्रायव्हरला 10 वर्षं जेल आणि 7 लाख दंड, थांबला तर पब्लिक मारणार, पळाला तर कायदा. एकेक मुद्दा घेऊ.

7 लाख. भारतीय न्याय संहिता म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानाच्या (आयपीसी) जागी आलेला कायदा. तिच्या ज्या कलमावरून हा गदारोळ झाला ते 106(2). त्यात 10 वर्षांपर्यंत कैद आणि दंड, एवढंच आहे. दंडाचा आकडा नाही. आकडा दिलेला नसेल तिथे दंड अवाजवी नसावा, हे त्याच संहितेचं कलम 8 सांगतं. आणि ‘10 वर्षांपर्यंत’ म्हणजे 10 वर्षंच असं नव्हे. किमान शिक्षा कलमात नाही.

कुठल्याही अपघाताला लागतं. नाही. तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: गाडी बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे चालवली, त्यातून माणूस दगावला, आणि लगेच पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवता ड्रायव्हर पळाला. माणूस फक्त जखमी झाला असेल तर कलम 125 लागतं. त्यात जबर दुखापतीला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय निष्काळजीपणा पोलिसांना सिद्ध करावा लागतो. आपल्याकडच्या फिर्यादीत ‘ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात चालवून’ हे ठरलेलं वाक्य असतंच, पण तेवढ्यावर शिक्षा होत नाही. ट्रक जोरात होता म्हणजे हयगय झालीच असं धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या एका ट्रकचालकाच्या खटल्यात 1998 मध्येच सांगितलं आहे. उलट बाजूही लक्षात ठेवा. गाडी चालू नव्हती म्हणून सुटलो असंही नसतं. पंक्चर झालेली गाडी रात्री दिवे, रिफ्लेक्टर, त्रिकोण काहीच न लावता लेनमध्ये सोडली आणि मागून दुचाकी घुसली, तर तीही हयगयच.

कलम लागू झालंय. इथे मेसेज सपशेल तोंडघशी पडतो. संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, पण फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेत 106(2) तेवढं वगळलं होतं. वेगळी अधिसूचना निघाल्याशिवाय ते कोणावर लावता येत नाही.

मग काळजीचं कारण नाही? आहे, आणि नेमकं तेच या मेसेजमध्ये नाही. निष्काळजीपणाने माणूस दगावला, पण पळून जाण्याचा मुद्दा नाही, त्याचं कलम 106(1) लागू आहे. त्यासाठी जुन्या दंड विधानाच्या 304-अ मध्ये 2 वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही होतं. म्हणजे नुसत्या दंडावर सुटायची वाट होती. आता 5 वर्षांपर्यंत कैद ‘आणि’ दंड. एका शब्दाने ती वाट बंद झाली. गुन्हा जामीनपात्र राहिला, एवढंच. दारू पिऊन माणसं चिरडली तर सदोष मनुष्यवधाचं कलम लागू शकतं, आणि त्यातली 10 वर्षांपर्यंतची शिक्षा नवी नाही. 2006 साली वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले 7 मजूर मारले गेले. त्या चालकाची याच कलमाखालची 3 वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये कायम केली.

थांबला तर मार, पळाला तर जेल. जमावाची भीती खरी आहे, ती कोणी नाकारू नये. पण कायद्याने ती आधीच धरली आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 134 जखमीला उपचार मिळवून द्यायला सांगतं. जमावाच्या रागामुळे ते शक्य नसेल तर सूट देतं. मात्र जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, फार तर 24 तासांत, जाऊन घटना सांगायची, आणि मदत का करता आली नाही तेही सांगायचं. हे चुकवलं तर कलम 187 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

प्रत्यक्षात क्रम असा ठेवा. इंजिन बंद, हॅझर्ड चालू. 108 ला फोन, मग 112 ला. राष्ट्रीय महामार्गावर 1033 पण चालतो. किलोमीटरचा दगड किंवा पुलाचं नाव सांगा, नाहीतर रुग्णवाहिका समोरच्या लेनला जाऊन उभी राहते. शक्य असेल तर गाडी हलवण्याआधी चाकांच्या खुणांसकट दोन-तीन फोटो काढा. जमाव अंगावर आला तर निघा, पण थेट ठाण्यात, आणि स्टेशन डायरीत नोंद झाली का ते पाहा. मालकाला फोन त्यानंतर. बहुतेक प्रकरणं इथेच बिघडतात: मालक म्हणतो गाडी आधी यार्डात आण, काच बदलू, दुसरा ड्रायव्हर हजर करू. टोलचे कॅमेरे, फास्टॅग आणि जीपीएस सगळं सांगतात, आणि मग पुरावा नष्ट केल्याचं न्याय संहितेचं कलम 238 मालकालाही चिकटतं. विमा कंपनीला पॉलिसी क्रमांक, वेळ, ठिकाण, जखमींची माहिती आणि लायसनचा तपशील कळवणं हेही 134 मध्येच आहे.

2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. त्यातली 30,486 धडक देऊन पळालेल्या गाड्यांखाली. गाडी सापडली नाही तर घरच्यांना मिळतात 2 लाख, जबर जखमीला 50,000. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयातल्या चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा. गाडीचा नंबर कळला तर मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मृताची कमाई आणि वय धरून भरपाई ठरते, आणि ती बहुतेक वेळा या 2 लाखांच्या कितीतरी पट असते.